डाव्या कानाशी

कोरीट, ता. नंदुरबार
मंगळवार, १८ मार्च १९४१

तीर्थरूप उखाजी सुपडू पाटील यांना सिंधूचा नमस्कार.

पाकिटावर उमाकांत असंच लिहिलं आहे. सिनेमातलं नाव घातलं नाही तर मुंबईच्या पोस्टमनला उखा कोण ते कळायचं नाही. आत मात्र खरं नाव लिहिते. नमस्कार रीतीचा आहे, एवढं समजून घ्यावं.

इकडे सर्व ठीक आहे. होळी पार पडली. मिरची सुकून बाजारात गेली. तांबड्या गाईला गोऱ्हा झाला. धनुकाकूचे गुडघे दुखतात, पण तिचं तोंड चांगलं चालतं. माझं लग्न वैशाखात, आखाजीनंतर पाचव्या दिवशी, ते तुम्हाला कळलंच आहे. ते कळवणारं पत्र तुमच्या भावाने, आबाने शाळेच्या मास्तरांकडून लिहून घेतलं. मला सांगितलं होतं, मी लिहिलं नाही.

तुमचं उत्तर आलं. चौदा वर्षांत पहिलंच. त्यात तुम्ही लिहिता की नंदुरबारच्या मंडळींनी 'आदर्श पिता' म्हणून तुमचा सत्कार ठरवला आहे, त्याला जोडूनच कोरीटला याल, फोटो काढणारा माणूस सोबत असेल आणि "माझ्या लेकीचं कन्यादान माझ्याच हातून होईल." अक्षर सुंदर आहे. तुमचं आहे की दुसऱ्या कुणाचं, मला ओळखता आलं नाही. तुमचं अक्षर मी कधी पाहिलेलंच नाही.

तुमचा सिनेमा मी पाहिला. नंदुरबारला मिरचीची एक वखार रिकामी करून तिथे पडदा लावला होता. बायकांसाठी दुपारचा खेळ होता. दारांना घोंगड्या टांगून अंधार केला होता. पोती हलवली तरी मिरचीचा खकाणा जात नाही, त्यामुळे सिनेमा सुरू होण्याआधीच सगळ्या जणी शिंकत होत्या, डोळे पुसत होत्या. मीही पुसत होते.

तुम्ही गरीब मास्तर झाला आहात. तुमच्या मुलीला सासरी छळतात. अख्खं गाव आडवं येतं, तरी तुम्ही तिला घरी परत आणता. ती दारात उभी राहते, तिला बोलता येत नाही. तेव्हा तुम्ही पायरीवर बसता, पागोटं काढून गुडघ्यावर ठेवता, मान कलती करून डावा कान पुढे करता आणि म्हणता, "बोल माय, मी ऐकतोय."

वखारीत एकच हुंदका उठला. मुंबईच्या सिनेमात आपल्याकडचं 'माय' आलं म्हणून बायकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या फुलवंताबाईने मला कोपराने ढोसलं. "सिंधू, तुन्हा बाप शे वं तो? नशीबवान शे तू." पलीकडून काकू म्हणाली, "पडदावरला बापले भूक लागत नही, फुलवंता. त्याले काय जास बोलाले."

वर्तमानपत्रात आलं की मान कलती करण्याच्या त्या एका लकबीत पित्याच्या मायेचा सागर आहे, प्रत्येक बापाने तो प्रसंग पाहून धडा घ्यावा. ते कात्रण मास्तरांनी शाळेच्या भिंतीवर चिकटवलं आहे.

मला एवढंच विचारायचं आहे. त्या मास्तराला दोन्ही कानांनी ऐकू येतं. मग तो डावा कान कशासाठी पुढे करतो?

कशासाठी ते मला ठाऊक आहे, तुम्हालाही आहे. आबाचा उजवा कान गेलेला आहे. पागोटं कानावर येतं, म्हणून कुणी काही सांगायला आलं की तो ते काढतो, गुडघ्यावर ठेवतो आणि डावा कान पुढे करतो. "बोल माय, मी आयकी ऱ्हायनू." मी चार वर्षांची होते, तुम्ही नाटक कंपनीबरोबर गेलात, तेव्हापासून रोज मी हे पाहते आहे. माय गेली त्या दिवशी पाहिलं. बाराव्या वर्षी माझं लग्न लावा म्हणून भाऊबंद येऊन बसले, तेव्हा ते गेल्यावर त्याने पागोटं काढून मला विचारलं, तुला काय पाहिजे. मी म्हटलं, शाळा. दुसऱ्या दिवशी त्याने गाडी जुंपली. सातवी पास होईपर्यंत तो मला नंदुरबारला नेत होता, आणत होता. त्याचं कात्रण कुठल्या भिंतीवर नाही.

आणि तो कान कसा गेला, तेही काकूने सांगितलं आहे. तुम्ही मोट सोडून नाटक पाहायला पळालात. परत आलात तेव्हा सुपडूबाबांनी हात उगारला. आबा मध्ये आला. चपराक तुमच्या वाट्याची होती, ती त्याला लागली.

त्या चपराकीतून तुम्ही ही लकब काढलीत. आता ती गावोगाव दाखवता आणि लोक तुम्हाला आदर्श पिता म्हणतात. तुम्हाला बाप कसा असतो ते माहीत होतं. नीट निरखून पाहिलं होतं. मला राग त्याचाच आहे. माहीत नसतं तर मी तुम्हाला सोडून दिलं असतं.

आबाला मी 'तू' म्हणते. तुम्हाला 'तुम्ही' म्हणते आहे, तो मान नव्हे.

आबानेही सिनेमा पाहिला. एकदा नाही, तीनदा. त्याला स्वतःला काही ओळखू आलं नाही. आपण कसे बसतो हे माणसाला कुठे दिसतं? पारावर बसून सगळ्यांना सांगत होता, "बाप असा पाहिजे. मन्हा भाऊ शे तो." मी त्याला सांगायला गेले. त्याने पागोटं काढलं, गुडघ्यावर ठेवलं, कान पुढे केला. मी म्हटलं, काही नाही, गाईला पाणी पाजलं का.

तुमचं पत्र आल्यापासून तो हट्टाला पेटला आहे. कन्यादानाला आबा आणि काकू बसणार हे माघापासून ठरलेलं. काकूने लुगडंही काढून ठेवलं होतं. आता म्हणतो, "तुन्हा बाप जित्ता शे. पाटवर तोच बसी." मी भांडले, मास्तरांनी समजावलं. ऐकत नाही. म्हणतो, मी मांडवाच्या दाराशी उभा राहून पाहुण्यांना पाणी देईन. हे बोलताना हसत होता. मग गोठ्यात गेला आणि बराच वेळ आला नाही.

आता एक गोष्ट मी लिहिणार नव्हते, पण लिहिते. वखारीत माझे डोळे मिरचीने गळत नव्हते. तुम्ही कान पुढे केलात तेव्हा क्षणभर मला वाटलं, माझंच ऐकता आहात. चौदा वर्षांचं सगळं सांगावं असं वाटलं. मग तो कान डावा आहे हे लक्षात आलं. त्या क्षणाची मला अजून चीड येते, तुमची आणि माझीही.

येऊ नका असं मी लिहीत नाही. लिहिलं आणि तुम्ही आला नाहीत तर आबा झुरेल. या. सत्कार करून घ्या, फोटो काढून घ्या. फक्त भटजी पाटावर बोलावतील तेव्हा बसू नका. आबा माझं ऐकत नाही, तुमचं मात्र आजवर कधी मोडलं नाही. तुम्हाला एकच वाक्य म्हणायचं आहे, लिहून देते. पाठ करण्याची तुम्हाला सवय आहे.

"भाऊ, पाटवर तू बस."

मुंबईच्या मराठीत म्हणू नका. आणि डाव्या कानाशी म्हणा. उजव्या बाजूने म्हटलंत तर त्याला ऐकू येणार नाही, तो हसून मान हलवेल आणि पाणी द्यायला निघून जाईल.

याहून जास्त मागणं नाही.

दोधू सुपडू पाटील यांची,
सिंधू