टेबलावरून आधी कोण उठणार

ब्रनो, चेक प्रजासत्ताक, २ डिसेंबर

प्रिय एलियास,

जे घडलं ते आधी क्रमानं लिहिते.

१. गेल्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी आमच्या टेबलावरून सर्वांत आधी आई उठली.
२. सप्टेंबरात तिच्या स्वादुपिंडात गाठ निघाली.
३. ऑक्टोबरच्या अखेरीस ती गेली.

पहिल्याचा दुसऱ्याशी संबंध नाही. मी दिवसभर मोजमापाची यंत्रं तपासते. एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं, असं मी मानत नाही. बाबा मानतात.

तुला ती संध्याकाळ आठवत असेल. आमच्याकडे नव्यानं आलेल्या माणसाला जे शिकावं लागतं, ते बहुतेक तू शिकला होतास. दारात बूट काढायचे, लिफ्टमध्ये अनोळखी माणसाशीही दोन शब्द बोलायचे, पेला भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. ही एक गोष्ट राहिली होती: त्या रात्री सगळ्यांचं जेवण होईपर्यंत कोणी उठत नाही, जो आधी उठेल तो पुढचा नाताळ बघत नाही. दाराजवळ टांगलेल्या कोटात तुझा फोन वाजला. चिलीहून तुझी आई. तू खुर्ची मागे सरकवलीस आणि बाबा गरजले, "बस खाली, चिलीकर! मरायचंय का?" तुला चेष्टा वाटली. तू हसत अर्धा उठलास, तोच आई तुझा खांदा खाली दाबून स्वतः उभी राहिली. "पोराची आई तिकडे वाट बघतेय आणि तुम्ही कसली भुतं काढताय?" म्हणत फोन घेऊन आली. त्यानंतर आमच्या घशाखाली घास उतरेना, कार्प मासा तू एकट्यानंच संपवलास.

दोष द्यायला हे लिहीत नाही. आई शेवटपर्यंत त्यावर हसायची. हॉस्पिटलात म्हणाली, "बटाट्याचं सॅलड आवडलं होतं त्याला. डबा द्यायचा राहिला." फेब्रुवारीत तू व्हिएन्नाला गेलास, तेव्हा मी थांब म्हटलं नाही. ते असो.

दहन झालं, पण निरोपाचा समारंभ केला नाही. इथे बरेच जण करत नाहीत. तुला ते विचित्र वाटायचं. राखेचा कलशही अजून आणलेला नाही. बाबा म्हणतात, "घाई काय? दोघांचे एकदम आण."

परवा मी त्यांना विचारलं, यंदा नाताळचं काय करायचं. म्हणाले, "नेहमीसारखा. सूप, कार्प, सॅलड. फक्त यंदा आधी मी उठणार." मी म्हटलं, बाबा, उठल्यानं कोणी मरत नाही. "मग तुला काय अडचण?" नंतर कपाट आवरताना त्यांच्या हृदयाच्या गोळ्या सापडल्या. आई गेल्यापासून एकही पाकीट फोडलेलं नाही.

डॉक्टरांनी समजावलं, मी भांडले. बाबा मान डोलावतात आणि गोळी घेत नाहीत. तू आलास तरी घेतील असं मला वाटत नाही. पण आमच्यात यावर एक तोड आहे: सगळे एकदम उठले, तर आधी कोणीच उठत नाही. त्यासाठी बाबांच्या दोन्ही बाजूंना कोणीतरी बसायला हवं, त्यांचे दोन्ही हात धरून. मी एकाच बाजूला बसू शकते.

चोवीस तारखेला येशील का? कोपऱ्यावरच्या मासेवाल्याला कार्प केवढा हवा ते सांगायचं आहे. पंधरा तारखेपर्यंत हो किंवा नाही, एवढंच कळव.

तुझी
श्तेपांका