रागावलात का?

२ फेब्रुवारी

अंबरपेठेतली खोली एकदम झकास आहे! वरचा मजला, स्वतंत्र बाथरूम, गच्चीचा जिना दारालगतच. घरमालकीण त्रिवेणीकाकू पिढ्यान्‌पिढ्या या तेलुगू मुलखातल्याच मराठी. आल्या आल्या भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. मीही सगळं सांगून टाकलं: बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे, औषधं नियमित घेते, साधे चेहरेसुद्धा मला रागावलेले दिसतात, आणि ताण आला की आत्ता केलेलं आत्ता विसरते. पुण्याच्या डॉक्टर मॅडमनी सवय लावली आहे, चेहऱ्यावरून ठरवायचं नाही, सरळ विचारायचं. काकू म्हणाल्या, "हौ, विचारत जा की. त्यात काय लाजायचं!" इथे माझा निभाव लागेल, असं आईला कळवलं.

६ फेब्रुवारी

सकाळपासून काकूंचं तोंड फुगलेलं. विचारलं, तर दाढ दुखत होती! ऑफिसात मात्र टीम लीड हर्षवर्धनला एकाच मीटिंगमध्ये 'रागावलास का?' असं पुन्हा पुन्हा विचारत राहिले, आधी विचारल्याचं लक्षातच नव्हतं. सगळे हसले. दिवसभर मान वर करवली नाही.

१० फेब्रुवारी

संध्याकाळी गच्चीच्या जिन्यावर एक म्हातारी उभी होती. रागाने चेहरा काळाठिक्कर. विचारलं, तर गप्प. खाली येऊन काकूंना विचारलं. घरात कुणीच आलेलं नाही म्हणाल्या आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. त्या मायेनेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता पुन्हा काही बोलायचं नाही. आईच्या कानावर गेलं तर लगेच न्यायला येईल.

१२ फेब्रुवारी

आज ती खालच्या पायरीवर होती. राग नाही, साधाच चेहरा आहे, असं स्वतःला बजावत शेजारून गेले. तिचा पदर हाताला लागला. ओला होता. कुणाला सांगितलं नाही.

१५ फेब्रुवारी

काकूंनीच विचारलं, जिन्यावर ती बाई कोण असते. त्यांनाही दिसली! हो म्हटलं असतं तर इतके दिवस का लपवलं, तेही सांगावं लागलं असतं. लाज वाटली. म्हटलं, तिथे कुणी नाही काकू, मी रोज जाते ना. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःलाच हसल्या आणि वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेल्या. एकट्या. मी जाऊ दिलं.

वरून ओरडल्या. एकदाच. मी गेले नाही. पाय उचलेनात — नाही, खोटं. पाय ठीक होते. मी गेले नाही.

आता दाराबाहेर चपला वाजताहेत. काकूंच्याच. दाराशी येऊन थांबल्या. मी आतूनच विचारलं, काकू, रागावलात का?

हौ, म्हणाल्या. दोघी. एकदमच.

कडी लावली होती ना मी? आत आल्यावर — लावली असेल — आठवत नाही — दार तर —