दामल्यांचं नाव घातलेलं गाणं

१० जानेवारी, शनिवार. सकाळी ७.४०
दुकानातल्या झेरॉक्स मशीनची काच पुसत होतो. मराठी मंडळाच्या सचिवांचा, दामले साहेबांचा फोन. "यंदाचा खाद्यमेळा मराठवाड्याचा. पदार्थ आणि जुनी गाणी. तुम्ही तिकडचेच ना?"
"हो सर." फडका जोरात फिरला, काचेवर ओरखडा पडला.
दुपारी मागच्या वर्षीची वही काढली. लिहून ठेवलेलं बरं असतं. मागच्या मेळ्याची नोंद: नामपल्लीचं सभागृह. आईच्या येसर आमटीचा एक चमचा चाखून दामले माइकवर म्हणाले, "अहो, हे तर तेलुगू पप्पुचारू! मराठी टेबलावर कसं आलं?" सगळे हसले. कुणीही वाटी पुढे केली नाही. भरलेलं पातेलं पायांत धरून मी स्कूटरवर दिलसुखनगरला परत आणलं. आई मागे बसली होती. त्यानंतर घरात येसर दळलेलं नाही.

११ जाने.
विद्यानगर, आत्याकडे. गाणी विचारली. तिने नांदेडकडची सतरा म्हटली, जात्यावरची, हळदीची. लहानपणापासून तिच्याकडे जातो, ती गाते हे माहीत नव्हतं. सगळी उतरवून घेतली. दोन शब्दांसाठी शब्दकोश बघावा लागला.
शेवटी लग्नाच्या पंगतीतली. एका बाजूच्या बायका दुसऱ्या बाजूच्या माणसाला नाव घेऊन शिव्या गातात. नावाची जागा मोकळी असते. 'दामले' तिथे नीट बसतं. म्हणून पाहिलं.

१४ जाने.
आत्याला सांगितलं, मंचावर हेच म्हण.
"कुणाचं नाव घालू लागलास रं?"
सांगितलं.
"ही गाणी सोयऱ्याला म्हणतेत लेकरा. परक्याला कोण कशाला शिव्या गाईल?"
म्हणालो, यंदा परक्याला.
तिने सुपारी कातरून तोंडात टाकली. "म्हणते. पुढचं मग तू निस्तर."

१८ जाने.
आई आमटी करायला तयार नव्हती. "नक्को रे. परत पातेलं वाहून आणायचं का?"
म्हणालो, या वेळी रिकामं आणू. गाण्याचं सांगितलं नाही. संध्याकाळी तिने येसरासाठी गहू, हरभऱ्याची डाळ, धने भाजायला काढले. घरभर वास. वर्षाने.

२५ जाने., रविवार
आत्याने गायलं. आवाज अजिबात कापला नाही.
"दामले व्याही आले, मांडवात बसले,
आमटी बघून पळाले, जोडे इथंच ऱ्हायले."
सभागृह हसलं. दामल्यांचे कान लाल झाले. मी मनात मागच्या वर्षीची उधारी फेडत होतो.
मग मागच्या रांगेतली परभणीची एक म्हातारी उठली. "नाव घेतलं, सोयरा झाला. पान वाढा त्याला."
हे मला ठाऊक नव्हतं. आत्याला ठाऊक होतं. ती माझ्याकडे बघतही नव्हती.
ज्यांनी गायलं त्यांनी वाढायचं. म्हणजे आमच्या घरच्यांनी, आईने. आई पातेलं घेऊन गेली. दामले मांडी घालून बसले, चार वाट्या खाल्ल्या, भाकरीने वाटी पुसली. "वहिनी, अशी आमटी मी आयुष्यात कधी खाल्ली नाही."
कधी खाल्ली नाही. त्यांना आठवतसुद्धा नाही.
मग रांग लागली. पातेलं रिकामं. आई स्कूटरवर मागे बसून गुणगुणत होती.

२६ जाने.
आत्याला फोन केला. तुला माहीत होतं तर सांगितलं का नाहीस?
"सांगितलं की. सोयऱ्याला म्हणतेत म्हणून. तू ऐकलास का?"

२९ जाने.
दामले काकू घरी आल्या. हळदीकुंकू, आईची ओटी. रविवारी त्यांच्याकडे जेवण. त्यांच्याकडची आमटी. "आता गायची पाळी आमची. आम्हाला गाणी येत नाहीत, तेवढी शिकवा."
आई हसली. माझ्या वहीतून तिने त्यांना तीन उतरवून दिली. माझ्या वहीतून.

३१ जाने., शनिवार
आई साडी निवडते आहे. मी म्हणालो, मी येत नाही.
"सोयऱ्याकडं न जाऊन चालतं का? आणि तिथं गप जेवायचं. माझ्या डोळ्यात बघून सांग, काही बोलणार नाहीस."
"पाणी भरायचंय," म्हणून उठलो.
उद्या दुपारी एक वाजता त्यांची आमटी माझ्या ताटात पडेल. सगळे माझ्याकडे बघतील, कशी झाली म्हणून. त्यांचं मागच्या वर्षीचं वाक्य पाठ आहे, एक शब्दही इकडचा तिकडे होणार नाही.
शर्टाला इस्त्री करून ठेवली आहे.