वस्तादाचा अपमान

फसली सन १३५३, फाल्गुन वद्य ६, बुधवार

बावीस वर्षं! बावीस वर्षं ज्या माणसानं तालमीचा हौद उकरला, माती चाळली, तेल-ताक पाजून लेकरावाणी पोसली, त्याला म्हणं — "उद्यापासून येऊ नको." आणि ते बी सगळ्या गावादेखत! हातातलं फावडं काढून घेतलं. फावडं आमच्या घरचं!

कशापायी? तर वस्तादाचा अपमान झाला. चन्नबसप्पा वस्ताद! तीस वर्षांमागं कुस्त्या मारल्या, कबूल. आता पोट सावरत पाटावर बसायचं आणि पोरांवर खेकसायचं, एवढीच वस्तादी उरली.

आमच्या ह्यांनी सोमवारीच सांगितलं होतं, माती ओली हाय, तीन दिस मुरू द्या. वस्ताद म्हणला, दिस कुठं हायत? चैत्री पुनवेला येरमाळ्याच्या जत्रंत आपल्या सिद्धलिंगाची ढोकीच्या पैलवानाशी कुस्ती ठरलीय. काल उतरवलं पोरांना हौदात. सिद्धलिंग घसरला, गुडघा भोपळ्यावाणी सुजला. गावाचा एकच मोठा पैलवान, तो बी आडवा!

मेहनत बघायला रोजच्यासारखी चाळीस-पन्नास माणसं भिंतीला टेकलेली. त्यांच्यादेखत हे म्हणले —

"वस्ताद, तुमच्यापरीस आमची म्हैस शहाणी. चिखलात बसायच्या आदी बघून तरी बसती."

झालं! हकालपट्टी.

दिसभरात चार शब्द बोलायचे म्हणलं तर ह्यांना तीन जड जातात. आणि बोलले ते हे!

फाल्गुन वद्य ७, गुरुवार

आता घरात बसलेत. काय करू मी ह्या माणसाचं?

सकाळी मी भाकरीचं पीठ मळत होते. हे पाठीमागं येऊन उभे. "पाणी जादा झालं. मुरू दे." भाकरीचं पीठ! मुरवत ठेवतं का कुणी? मग अंगण उकरलं. मग तुळशीतली माती काढून चाळली आणि परत भरली. दुपारी बघते तर म्हशीला तेल लावून मालिश चाललीय! मान, खांदे, पाठ — सगळं रीतीनं. म्हैस डोळे मिटून उभी. घासलेट मिळत न्हाय, तेल महाग, आणि हिचे लाड!

मी म्हणलं, "उद्या तिला लंगोट बांधा."

हसले न्हाईत. जेवले बी अर्धीच भाकरी.

फाल्गुन वद्य ८, शुक्रवार

आमच्या दारासमोर पार. कान लावायची गरजच न्हाय, सगळं आपसूक घरात येतं.

कोंडीरामला तालमीचा लई कळवळा. स्वतः कधी दंड मारला न्हाय, पण कुस्त्या साऱ्या तोंडपाठ. तो म्हणतो, "वस्ताद म्हंजे बाप. बापाला म्हैस म्हणणाऱ्याला घरात ठेवता का?"

म्हातारा महांतप्पा पलीकडून, "म्हैस कुठं म्हणला? म्हैस शहाणी हाय म्हणला. आता ह्यात वस्तादाचं काय गेलं? बरोबरी केली म्हणून म्हशीनं रागवावं."

"मी तर रेडा ऐकलं!" कुणीतरी मधीच.

"तू कुठं होतास?"

"भिंतीच्या भाईर."

"मग भिंतीनं सांगितलं का तुला?"

रेडा का म्हैस, ह्यावर अर्धा दिस गेला. रेडा असंल तर कायमचं घालवा, म्हैस असंल तर जत्रंपुरतं घालवा — असा एकाचा फैसला! गावात सरळ दोन तट पडले. एक वस्तादाकडचा, एक मातीकडचा. न्हावी मातीकडचा निघाला म्हणून कोंडीराम अर्धी दाढी तशीच ठेवून तरातरा उठून गेला. दुपारपतोर तसाच फिरत होता. एक गाल वस्तादाचा, एक गाल न्हाव्याचा.

पण एकानं, एका तरी माणसानं विचारलं का, की माती ओली होती का न्हवती? पोराचा गुडघा कुणापायी गेला? न्हाय! सगळे शब्दाला धरून बसलेत.

फाल्गुन वद्य १०, रविवार

एक गोष्ट लिहायचीच हाय. पाच दिस पोटात धरून हाय. हे पान कोण वाचणार! काना-मात्रा चुकली तर चुकू दे.

ते बोल माझे.

सोमवारी हे घरी येऊन म्हणले, वस्ताद ऐकंना, ओल्या मातीत पोरं उतरवतो म्हणतो. मी म्हशीखाली बसले होते, धारा काढत. हात चालूच होते, तोंडातून गेलं — सांगा त्याला, तुमच्यापरीस आमची म्हैस शहाणी, चिखलात बसायच्या आदी बघून तरी बसती. मी असं दिसात धा बोलते. हे ऐकून सोडून देतात, मी बी सोडून देते. हा एक मात्र ह्यांनी उचलला, घडी घालून ठेवला, आणि मंगळवारी नेमका तिथं उघडला.

माझं लेकरू दुसऱ्याच्या कडंवर बसून गावभर हिंडतंय, आणि मी दारात गप उभी. खरं सांगू? पारावर कुणी ते वाक्य म्हणून दाखवलं की लोक हसतात, तवा मला बरं वाटतं. मग ह्यांच्याकडं बघते आणि वाटलेलं बरं जातं.

विचारलं ह्यांना — "बायकोचा शब्द हाय म्हणून का न्हाय सांगितलं?"

"तालमीत बायकोचं नाव घेत न्हाईत."

रीत! नोकरी गेली, पण रीत राहिली.

फाल्गुन वद्य ११, सोमवार

आडावर इरम्मा भेटली. वस्तादाची बायको. वाटलं आता घागर टाकून भांडती. तर इकडं-तिकडं बघून जवळ आली.

"अक्का, तुमच्या मालकानं लई बेस केलं."

"अगं, तुझ्या नवऱ्याला म्हैस म्हणले की!"

"म्हैस दूध तरी देती, अक्का."

मग सांगत बसली. वस्ताद घरात आरसा घिऊन हिंडतोय म्हणं. काल विचारलं तिला, "व्हय गं, मी तसा दिसतो का?" ही म्हणली, "समोरून न्हाय."

दोघी इतक्या हसलो की तिची कळशी आडात गेली. गळ टाकून काढेपतोर ऊन डोक्यावर.

पण जाताना म्हणली, "माणूस वाईट न्हाय अक्का. पाठ फिरवल्यावर भिंतीला टेकलेले लोक काय म्हणतील, ह्याचं भ्या हाय त्याला."

फाल्गुन वद्य १२, मंगळवार

ह्यांची अर्धी भाकरी आता चतकोरावर आली. मी काय बोलले न्हाय. आज मी काय बोलले न्हाय!

फाल्गुन वद्य १४, गुरुवार

देवा रे देवा. हसू आवरंना.

हौदाला दर आठ दिसाला ताक लागतं. घरटी पाळी हाय, ज्याची पाळी त्यानं चरवी भरून तालमीच्या दारात ठेवायची. हे काय करायचे, हरेक चरवीत बोट बुडवून चाखायचे आणि मगच ओतायचे. मी चेष्टा करायची, "मातीला कसली चव!" हे म्हणायचे, "मातीला न्हाय. अंगाला."

ह्यांच्या जागी माणिकप्पाला घेतलंय. वस्तादाच्या भावकीतला. त्यानं कशाला चाखायचं! आलेलं सगळं भसाभसा ओतलं.

आणि काल कोंडीरामाकडं नातवाच्या जावळाचं जेवण होतं. मिरची, आलं वाटून घातलेला मठ्ठा दोन हंडे उरला. कोंडीरामाला वाटलं, टाकण्यापरीस तालमीला द्यावा, पुण्य लागंल. दोन्ही हंडे भरून धाडले!

आज सकाळी पोरं उतरली. अंगाला माती चोळली, एकमेकांच्या पाठीवर टाकली. हळूहळू अंग चुरचुरायला लागलं. मग एक ओरडला. मग दुसरा. मग सगळी तालीम लंगोटासकट आडावर! आम्ही बाया घागरी टाकून पळालो. वस्ताद नेमका आजच "असा पट काढायचा" म्हणून डाव दाखवायला स्वतः उतरला होता. त्याला पळता येईना. तो वाटंतल्या गुरांच्या हाळात जाऊन बसला. गळ्यापतोर. दोन बैल पाणी प्यायला आले ते बघून माघारी गेले.

हे अंगणात उभे होते. मला वाटलं आता तरी हसतील.

"माती गेली," म्हणले. "आता सगळी काढावी लागंल."

आणि डोळ्याला धोतराचा सोगा लावला! मातीसाठी!

अमावस्या, शुक्रवार

पारावर नवीन निघालं. मिरची धुरपदाबाईनं, म्हंजे मी, घातली म्हणं! नवऱ्यापायी सूड घेतला!

दारात जाऊन सांगितलं, "मी घातली असती तर आदी दवंडी पिटली असती. हंडे कुणाचे होते ते कोंडीरामाला विचारा."

कोंडीराम म्हणला, "माझा हेतू चांगला होता."

महांतप्पा म्हणला, "हेतू चांगलाच होता, तिखट जरा जादा झाला."

चैत्र शुद्ध १, शनिवार, पाडवा

वस्ताद घरी आला. एकटाच. गुढी उभारून झाली होती, पुरण शिजत होतं. अंगावर अजून लाल चट्टे.

"वैनी, पाणी द्या."

दिलं. मी आत गेले, पण दाराआडच उभी राहिले. घर माझं हाय.

म्हणला, "बलभीमा, पुनवंला पंधरा दिस उरले. सिद्धलिंग चालायला लागलाय, पण सरावाला माती न्हाय. सगळी उपसून नवी भरायची. ते तुझ्याबिगर कुणाला जमत न्हाय. ये माघारी."

ह्यांचा चेहरा उजळला, मी बघितला.

"फक्त चौघांत एकदा म्हण, चुकलं माझं."

"माती ओली होती, वस्ताद."

"होती. ते मी मानतो. शब्द चुकला म्हण."

ह्यांना खोटं बोलवत न्हाय, आणि माझं नाव घेववत न्हाय. मांडीवर हात ठिवून बसलेले. बावीस वर्षांत त्या हातांना कधी भेगा न्हाईत असं झालं न्हाय. बारा दिसांत कातडी मऊ पडलीय, आजारी माणसाची असती तशी. ते हात बघितले आणि माझ्याच्यानं थांबवंना. उलथणं हातात तसंच घिऊन भाईर आले.

"वस्ताद, शब्द ह्यांचा न्हाय. माझा हाय. म्हशीखाली बसून मी बोलले. ह्यांनी नुसता पोचवला."

वस्तादानं पाण्याचा तांब्या खाली ठिवला. मला वाटलं आता उठतो आणि जातो, गेलं सगळं.

तर हसायला लागला! पोट हलायला लागलं, मांडीवर थाप मारली. "तुमचा व्हय? आरं, मग आदी सांगायचं! बाईमाणसाच्या बोलण्यानं कुठं वस्तादाचा अपमान होतो! चल बलभीमा, उचल फावडं."

दोघं गेले. पुरणाला सुद्धा थांबले न्हाईत.

चैत्र शुद्ध २, रविवार

हे उजाडायच्या आत तालमीत. दुपारी आले ते लाल मातीनं भरून, चार भाकरी खाल्ल्या. डोळे भरून बघितलं मी.

पारावर बी सगळं मिटलं. कोंडीराम आणि महांतप्पा एका चंचीतली तंबाखू खातायत. "बाईचा शब्द होता म्हणं!" "हात्तिच्या! मग वारंच की ते." दोन्ही तटांचं एकमत! बारा दिस डोकी फोडली, आणि एका दमात एकमत!

सगळं गाव खूश. मग माझंच का बिनसलंय?

तोच शब्द. एक अक्षर हिकडचं तिकडं न्हाय. ह्यांच्या तोंडून निघाला तर बावीस वर्षांची चाकरी घालवायएवढा जड. माझ्या तोंडून निघाला तर वारं!

चैत्र शुद्ध ३, सोमवार

भाकरी करपली. करपू दे.

चैत्र शुद्ध ४, मंगळवार

ह्यांना म्हणलं, "वस्तादाला एक निरोप धाडणार हाय. तुमची जागा परत जाईल, सांगून ठेवते." काय निरोप ते सगळं ऐकवलं. फावडं धूत होते. मान वर न करता म्हणले, "धाड."

इरम्माच्या तोंडी धाडला. तिच्याकडून दोनदा म्हणून घेतला — "वस्ताद, मी बोलले त्यानं तुमचा अपमान झाला का न्हाय, एवढंच सांगा. झाला असंल, तर पारावर चौघांत उभं राहून 'झाला' म्हणा आणि माफी मागायला मला सांगा. मागीन का न्हाय ते तवाच कळंल. झाला नसंल, तर माझ्या माणसाला बारा दिस कशापायी बसवलं, त्याची माफी तुमी मागा. मधली वाट न्हाय. रविवारी रामनवमी. जन्माचा गुलाल पडायच्या आत जबाब पायजे."