एक खुंटी जास्त

४ सप्टेंबर, सोमवार

कॉम्प्युटर पुन्हा गेला! 'ध'च्या नोंदी चालल्या होत्या — धरण, धरणग्रस्त, धूप — आणि पडदा काळा. मग आपला आपणच सुरू झाला, जणू काही झालंच नाही. सकाळपासून तिसऱ्यांदा. प्रकाशकांना पुस्तकाची सूची या महिन्यात हवी आहे आणि मी अजून 'ध'वर.

नेमका तेव्हाच मुलाचा फोन. "आई, तूच काहीतरी दाबतेस."

काय दाबते?

"काहीतरी गं!"

जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. 'काहीतरी' असं उत्तर कुणी लिहिलं असतं तर भोपळा दिला असता.

पण कॉम्प्युटर हे नुसतं निमित्त. सतरा तारखेला येतोय. घराला कुलूप लावून मला त्यांच्याकडे न्यायचं, असं त्याने आणि सूनबाईने परस्पर ठरवलंय. "परवा गॅस चालू राहिला, आता हे. तुला एकटीला झेपत नाही, मान्य कर ना." गॅस एकदा राहिला. एकदा! मागच्या खेपेला सूनबाईने माझ्या स्वेटरचं लोंबणारं बटण पकडलं. "आई, लावून देऊ का?" नको म्हटलं, मला असंच आवडतं. ती हसली नाही. नवऱ्याकडे बघितलं फक्त.

मी जाणार नाही. लिहून ठेवते.

६ सप्टेंबर, बुधवार

दुकानदार घरी येऊन सगळं पुसून नव्याने भरून गेला. "सॉफ्टवेअर होतं हो मावशी, बाकी काही नाही." चहा प्यायला, गेला. सूची उघडली आणि धाडकन बंद!

बरं झालं. नवं कोरं भरूनही बंद पडतो, म्हणजे दोष आतल्या भागांतच. एक शक्यता मेली.

७ सप्टेंबर, गुरुवार

प्रयोगाचा नियम एकच — एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की उत्तर आलं तरी कशामुळे आलं ते कळत नाही. मुलांच्या डोक्यात हे उतरवता उतरवता माझा घसा बसायचा.

कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं. धूळ झटकली — बंद. टेबलफॅन लावून गार ठेवला — बंद. मेमरीच्या दोन पट्ट्या आहेत. एक काढली, बंद. ती बसवून दुसरी काढली, तरी बंद. दोन्ही पुन्हा बसवून तपासणीचा प्रोग्राम लावला. दुपारभर चालला. एक चूक सापडली नाही, एकदा बंद पडला नाही. मी कामाला बसले आणि गेला!

मुलाला सांगितलं. सांगायला नको होतं. "बघ, तू हात लावलास की बंद पडतो!"

९ सप्टेंबर, शनिवार

दुकानदाराकडून दुसरा पॉवर सप्लाय आणून लावला. बंद. शेवटी रिक्षात घालून डबा त्याच्याच दुकानात नेऊन ठेवला.

११ सप्टेंबर, सोमवार

दुकानात एकदाही बंद पडला नाही! दुकानदाराला कोण आनंद. "गरीब गाय आहे मावशी. सिनेमे लावले, खेळ लावले, हूं की चूं नाही. तुमच्याकडेच काय होतं त्याला?" बाजूचं गिऱ्हाईक म्हणालं, "माहेरी खूश दिसतोय." हसले दोघं. मी नाही.

घरी आणला. तासाभरात काळा.

मुलगा तर आता हळू आवाजात बोलतो. ओरडला असता तर परवडलं असतं. "आई, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. वयानं होतं. आणि मशीन बाबांनी स्वतः जोडलंय, त्यात दोष कसा निघेल?"

बाबांनी जोडलंय! या घराचा हा जुनाच कायदा. यांनी केलेलं बिघडत नाही. बिघडलं तर माझा हात लागला म्हणून. मिक्सर, घड्याळ, नळ — सगळ्यांचे निकाल याच कायद्याने लागले. हे गेले, कायदा मागे ठेवून गेले.

१३ सप्टेंबर, बुधवार

सापडलं! म्हणजे अर्धं.

दुकानात नाही आणि घरी आहे असं काय? वीज? डबा स्वयंपाकघरात नेऊन तिथल्या वायरीवर चालवला, छान चालला. मग डबा पुन्हा जागेवर ठेवला आणि लांब वायर ओढून तीच वीज टेबलापाशी आणली — बंद. म्हणजे वीज नाही. टेबल!

मग बसले आणि स्वतःकडेच बघत राहिले, परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोरावर नजर ठेवावी तशी. सूचीच्या चिठ्ठ्या टेबलाच्या खणात असतात. चिठ्ठी काढायची, नोंद टाकायची, चिठ्ठी ठेवायची, खण ढकलायचा. मी खण हळू बंद करत नाही. मी काहीच हळू करत नाही. खण आपटला की टेबल हादरतं, आणि डबा त्याच टेबलाच्या खालच्या फळीवर.

काही न टाइप करता नुसता खण आपटला. काळा! पुन्हा सुरू केला, पुन्हा आपटला. काळा! इतकी खूश झाले की विनाकारण अजून दोनदा आपटला.

म्हणजे मुलगा खरं बोलला. मीच करते. पण धक्क्याने बंद पडायला आत काहीतरी चुकीचं टेकत असणार. ते मी केलेलं नाही.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

सगळं उचकटलं. प्रत्येक वायर कुठून काढली त्याचं चित्र आधी काढून ठेवलं. मग मुख्य बोर्डाचे स्क्रू काढून तो पाटासारखा उचलला.

खाली पितळेच्या छोट्या खुंट्या असतात. बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून त्यांच्यावर तोलायचा. जिथे बोर्डाला भोक तिथेच खुंटी हवी. एक खुंटी जास्त होती! भोक नाही अशा जागी, वाकडीच पिळून बसवलेली. वर बोर्डाच्या पाठीला तिथेच घासल्याचा चकचकीत ओरखडा. धक्का बसला की टेकायची आणि वीज भलत्या वाटेने जायची.

खुंटी काढली. सगळं जोडलं. खण आपटला. आपटला! आपटला!! गाय उभी.

अहो, ऐकताय का? तुमची चूक. जन्मभराची तुमची पहिली चूक, आणि बोलणी मी खाल्ली. यांचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. राहा म्हटलं वर्गाबाहेर.

खुंटी वाटीत घालून टेबलावर ठेवली आहे. येऊ दे रविवार.

१७ सप्टेंबर, रविवार — दुपार

आला. हातात रिकामी बॅग, माझे कपडे भरायला! सूनबाई नव्हती, तेवढं शहाणपण. खण आपटून दाखवला, वाटी पुढे केली. म्हटलं, ही तुझ्या बाबांची करामत. आता बोल कुणाला झेपत नाही ते.

त्याने खुंटी बोटांत धरली. मग भिंतीकडे वळलेला फोटो बघितला.

"त्यांचे हात थरथरत होते गं तेव्हा. खुंटी पिळताना चारदा पडली. मी लावतो म्हटलं तर अंगावर आले. म्हणाले, आईला कळता कामा नये. ती मला कामाचा माणूस म्हणते."

१७ सप्टेंबर — संध्याकाळ

मला कळलं नव्हतं. एका टेबलावर दोघं जेवत होतो. चहा अर्धाच कप घेतात, एवढंच दिसलं. वाटलं, साखर कमी करतायत.

फोटो सरळ केला.

बॅग रिकामीच परत पाठवली. घर सोडणार नाही, तोंडावर सांगितलं. पण तो दारात असताना हाक मारली आणि स्वेटर आणून दिला. म्हटलं, बटण मला असं आवडत नाही. सुई ओवता येत नाही हल्ली, दिसत नाही. दर रविवारी येऊन चार सुया ओवून देत जा.

बूट काढून पुन्हा आत आला.