खोपोलीचं करेक्शन

५ मे, सकाळी ८
करी रोडच्या चाळीची गटारलाइन मिळाली. तळमजल्याच्या कमलवहिनींच्या मोरीत तीन वर्षं घाण पाणी उलटतंय. नाकाला रुमाल लावून बघितली. शब्द दिला: वीस तारखेला मोरी कोरडी. दुसऱ्यांच्या मोजणीची दुर्बीण उचलण्यापासून सुरुवात करून सर्व्हेची फर्म काढली, ती शब्दावरच.

६ मे
जीपीएसने उंच्या घेतल्या. यंत्र समुद्रसपाटीपासून मोजत नाही, हिशेबातल्या गुळगुळीत पृथ्वीपासून मोजतं. पालिकेच्या नकाशात पाइपांच्या उंच्या मात्र समुद्रसपाटीपासून, म्हणून करेक्शन लागतं. खोपोलीच्या कामाचं तयार होतं, तेच घातलं. समुद्र एक, करेक्शन एक. दहा मिनिटांत खलास.

९ मे
पूर्वी, आमची मुलगी, इंजिनीअर. म्हणते, बाबा, खोपोलीला सह्याद्री डोक्यावर आहे. एवढा डोंगर पाण्याला ओढतो, तिथली सपाटीच वर उचललेली असते. तो आकडा इथे लावलात तर पाइप वर जातील. नाक्यावर समुद्रसपाटीची उंची कोरलेला दगड आहे, तिथून लेव्हल आणा, म्हणजे दुर्बिणीने उंची मोजत चाळीपर्यंत या, दोन तासांचं काम.
त्या दगडावर मासेवालीची टोपली असते. बोंबलाच्या पाण्यात मी गुडघे टेकणार नाही. शिकलेल्यांचा वीट आला.

१४ मे
पाइप टाकले. धोंडू गवंडी म्हणाला, शेटनू, पाइप वर वाटता, मोरी खाली ऱ्हवली. म्हटलं, उपग्रह वरून बघतो, तू खालून. पाठ फिरवल्यावर पुटपुटला, आमचो शेट खोपोलीक चाळ बांधता. माझे कान तिखट आहेत. दुर्लक्ष केलं.

१७ मे
संकल्प: उद्या दगड बघायचा. फक्त पूर्वीच्या समाधानासाठी.

१८ मे
रविवार. टोपल्या तीन. माश्या अगणित. राहिलं.

२० मे, सकाळी ११
सगळी चाळ जमली. वहिनींनी माझ्या भरवशावर मोरीत पांढरी लादी बसवून घेतलेली. चेंबरमध्ये सहा बादल्या ओतल्या. पाणी पाइपच्या तोंडाशी पोचायच्या आधीच वहिनींच्या मोरीतून वर आलं. लादीवर काळा थर, त्यात झुरळं. वरच्या मजल्याचा वसंत म्हणाला, आधी घाण आपली आपण यायची, आता ओतून द्यावी लागते.

दुपारी ३
पूर्वीने लेव्हल आणली. मासेवालीने मागताक्षणी टोपली सरकवली. पाइप बेचाळीस सेंटिमीटर वर. सगळे उखडायचे.
वहिनी मला वळसा घालून गेल्या. पूर्वीला म्हणाल्या, बाय, आता तारीख तू सांग.