तोरणाचे तीन खिळे

मी, वैजीनाथ सटवाजी लोहार, वय अंदाजे एकसष्ट, धंदा मोटारमिस्त्री, राहणार पिंगळी, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोके ठिकाणावर आहे. कोणी भरीस घातलेले नाही, दारू मी पीत नाही. हे माझ्या पश्चात उघडावे. माझ्या हयातीत बायको पारूबाई हिला यातले एक अक्षरही वाचून दाखवू नये.

कलम पहिले. राहते घर, माळवदासह, पारूबाईचे. ती जिवंत असेतो तिला कोणी उठवू नये. तिच्यावर माझा राग आहे, तो पुढे येईलच. पण घर तिचेच.

कलम दुसरे. पाने, हातोड्या, छिन्न्या, लांब तोंडाची झारी आणि सफेद्याचा डबा मुलगी छबूबाईला द्यावा. जावई चंद्रभान यांनी हत्यारांना हात लावण्यास हरकत नाही, मात्र पान्याने खिळे ठोकू नयेत. मागच्या दिवाळीत ठोकताना मी पाहिले आहे.

झारी कशासाठी, ते लिहून ठेवतो. देशमुख आबासाहेबांनी हैदराबादेहून एक जुनी बंद मोटार आणली. पाऊस आला की मागच्या गादीवर पाणी. तीन मिस्त्र्यांनी मागच्या खिडकीला डांबर फासले होते, कारण पाणी तिथे पडत होते. पाणी जिथे पडते तिथून आत येत नाही, एवढे त्यांना कळले नाही. मी आतले सगळे सांधे राख लावून कोरडे केले. पारूबाईला कंदील देऊन आत बसवले, दारे लावली आणि झारीने बाहेरून पाणी सोडले, आधी खालच्या फटीवर, मग हळूहळू वर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून उतरते आणि काहीच कळत नाही. राख जिथे काळी पडेल तिथे ती आतून टकटक करायची. चार दिवसांत सात जागा सापडल्या. सफेदा आणि जवसाच्या तेलाचे लुकण करून सगळ्या बुजवल्या. शेवटच्या दिवशी तासभर पाणी ओतले, आतून एकदाही टकटक झाली नाही. भाद्रपदात मी आबासाहेबांना शब्द दिला की आता थेंब आत येणार नाही. त्यांनी मला फेटा बांधला.

कलम तिसरे. तो फेटा घडी न मोडता आबासाहेबांच्या घरी परत करावा.

त्यानंतरच्या मार्गशीर्षात, म्हणजे निजाम सरकारच्या सन १३४६ फसलीत, त्यांच्या घरी लग्न झाले. नवी सून मनकर्णाबाई रेल्वेने आली. स्टेशनवरून मोटारीने आणताना अवकाळी पाऊस झाला. मोटार दारात उभी राहिली तेव्हा नवरीच्या शालूचा रंग उतरून हातावर आला होता. सगळ्या वऱ्हाडासमोर आबासाहेब म्हणाले, "वैजीनाथ, तुझ्या हाताचा भरवसा न्हाई राह्यला." त्यांचा ड्रायव्हर सुग्रीव, म्हणजे पारूबाईचा धाकटा भाऊ. त्याला गाडी मी शिकवली, ती चाकरी मी लावून दिली. तो बाजूलाच उभा होता. म्हणाला, "मालक, लुकण पुरतं भरलंच न्हाई यानं. मी बघितलंय." त्यानंतर मला मोटारीजवळ जाऊ दिले नाही. परभणीपर्यंत गोष्ट गेली. मोटारी यायच्या बंद झाल्या. तेव्हापासून मी विहिरीचे पोहरे आणि मोटा सांधतो.

मी स्वतःलाच दोष दिला. कोणती फट राहिली, हे झोपेतही शोधत होतो.

गेल्या साली वैशाखात कळले की ती मोटार देशमुखांच्या गोठ्यामागे टाकून दिली आहे आणि आत कोंबड्या बसतात. गेलो. छताचे आतले कापड सडून लोंबत होते. माझ्या सातही जागा कोरड्या होत्या. पुढच्या दाराच्या वर मात्र, छताच्या सांध्यातच, तीन खिळे आरपार. एकाला झेंडूच्या माळेचा दोरा तसाच होता. तिथून शिरलेले पाणी चौकटीच्या लाकडावरून मागे जाऊन गादीवर पडत होते. लग्नाआधीच्या त्या दसऱ्याला, मोटारीच्या पूजेवेळी, मी ताडकळसला इंजिनाच्या कामावर होतो.

खिळे उपटून आणले आणि पारूबाईपुढे ठेवले. ती विळीवरून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "तोरण मीच ओवलं व्हतं. सुग्रीवनं माझ्यासमोर ठोकले. बोलले असते तर त्याची चाकरी गेली असती. तुमच्या हातात हुन्नर व्हता, त्याच्या हातात काय व्हतं?"

सुग्रीवचे मला फार लागले नाही. तो भित्राच आहे. पण ही आत बसली होती. हिने स्वतः राख पाहिली होती. माझे काम पक्के होते हे जगात दुसऱ्या एकाच माणसाला ठाऊक होते आणि ते माणूस माझ्या ताटात भाकरी वाढत गप्प राहिले. हा दगा आहे. दुसरा शब्द मला येत नाही.

कलम चौथे. तिन्ही खिळे सुग्रीवला द्यावेत, चारचौघांत. त्याने तिरडीला खांदा देऊ नये.

कलम पाचवे. स्वयंपाकघराचे माळवद गळते. पारूबाई दर पावसाळ्याआधी चुलीच्या बरोबर वर पांढरी माती टाकते आणि दर पावसाळ्यात चुलीशेजारी भगुणे ठेवते. पाणी तिथून येत नाही. पश्चिमेच्या पन्हाळाच्या बुडाशी माती सुटली आहे, तिथून ते तुळईला धरून चुलीपर्यंत येते. मला हे गेल्या पावसाळ्यात सापडले. दोन टोपल्या मातीचे, एका दुपारचे काम आहे. मी केले नाही. माझ्या पश्चात छबूबाईने करावे.

साक्षीदार किशनराव यांनी हे वाचून सही करण्याआधी म्हटले, "मिस्त्री, येवढं तर आजच सांगा की घरी."

मी त्यांना सांगितले ते इथे लिहितो, म्हणजे मागे कोणी विचारायला नको. "आठ पावसाळे ती गप बसली. माझा आत्ता दुसराच चालूय."

ठिकाण पिंगळी. नागपंचमीचा दुसरा दिवस, सरकारी माहे शहरेवर, सन १३५५ फसली.

सही : वैजीनाथ सटवाजी लोहार

साक्ष : किशनराव, पोस्टमास्तर (वाचून सही केली)
साक्ष : भुजंग, शेजारी (अंगठा, वाचून दाखवले, घरी न सांगण्याचे कबूल)